बंदुकीची जन्मपत्रिका आणि कारकुनाची नजरचूक

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात ६ नोव्हेंबर २०१४ रोजी पुरातत्त्वज्ञांचे एक पथक पाहणी करीत होते. डोंगराळ, निर्जन भागातील एका ज्युनिपरच्या झाडाला टेकून काहीतरी उभे असल्याचे पथकातील एकीच्या नजरेस पडले. जवळ जाऊन पाहता ती रायफल निघाली. दस्त्याचे लाकूड उन्हापावसाने करडे पडून भेगाळले होते, दस्त्याचा तळ मातीत रुतला होता आणि नळीवर गंजाचा तपकिरी थर चढला होता. दुरून पाहणाऱ्याला ती त्याच झाडाची वाळकी फांदी वाटावी, इतकी ती परिसराशी एकरूप झाली होती. कुणीतरी ती क्षणभर टेकवून ठेवली आणि पुन्हा उचललीच नाही.

रायफलीवर ‘मॉडेल १८७३’ अशी अक्षरे कोरलेली होती आणि कारखान्याने उमटवलेला अनुक्रमांकही वाचता येत होता. तेवढ्या आधारावर वायोमिंग राज्यातील कोडी या गावी असलेल्या शस्त्रसंग्रहालयाकडे चौकशी करण्यात आली. तेथे विंचेस्टर कंपनीच्या जुन्या खातेवह्या जतन केलेल्या आहेत. उत्तर आले ते असे: ही रायफल १८८२ साली तयार होऊन त्याच वर्षी कारखान्याच्या गोदामातून बाहेर पडली. ती कुणाकडे गेली, याचा मात्र खातेवहीत उल्लेख नाही.

जुन्या शस्त्रांच्या इतिहासाची खातरजमा कशी होते, कारखान्याची दफ्तरे त्यात कितपत उपयोगी पडतात आणि कोठे फसवतात, हे समजून घेण्यास हे प्रकरण सोयीचे आहे. पहिला धडा तर रायफलीवरील अक्षरांतच आहे. ‘मॉडेल १८७३’ हे नमुन्याचे नाव. ते उत्पादनाचे वर्ष नव्हे. हा नमुना विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतही तयार होत होता आणि त्याच्या सुमारे ७ लाख २० हजार रायफली बनल्या. नळीवर कोरलेल्या तारखांचेही तसेच. त्या बहुधा पेटंटच्या तारखा असतात. तरीही ‘आजोबांची १८७३ची रायफल’ किंवा ‘२१ ऑगस्ट १८९४ला बनलेली बंदूक’ असे वर्णन लिलावांच्या जाहिरातींतून आणि कौटुंबिक आठवणींतून सर्रास आढळते.

खातेवह्यांचा प्रवास

विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी १८६६ साली स्थापन झाली. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे तिचा अवाढव्य कारखाना होता. जागतिक मंदीच्या तडाख्यात १९३१ साली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ऑलिन कुटुंबाच्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीने ती विकत घेतली. पुढे १९७०च्या दशकात कंपनीचा शस्त्रसंग्रह कोडी येथे हलविण्यात आला. आज ‘बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट’ या संस्थेच्या शस्त्रसंग्रहालयात हा संग्रह आहे आणि जुन्या खातेवह्याही तेथेच आहेत. शुल्क भरून आणि अनुक्रमांक कळवून कोणालाही आपल्या रायफलीच्या नोंदीचा दाखला तेथून मागविता येतो. संग्राहकांच्या बोलीत त्याला नुसते ‘पत्र’ म्हणतात. रायफलीसोबत असे पत्र असले की तिचा भाव वाढतो, आणि पत्रातील वर्णन रायफलीशी तंतोतंत जुळले तर तो फारच वाढतो.

या खातेवह्या संपूर्ण नाहीत. मॉडेल १८६६च्या सुमारे १ लाख २५ हजारांच्या आधीच्या क्रमांकांची नोंदच उपलब्ध नाही. म्हणजे त्या नमुन्याच्या पहिल्या आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या वर्षांबद्दल दफ्तर मुके आहे. मॉडेल १८७६ची वही १ पासून ६३,८७१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सबंध आहे. मॉडेल १८९२ची ३,७९,९९९ पर्यंत आणि मॉडेल १८९४ची ३,५३,९९९ पर्यंत येऊन थांबते. मॉडेल १८९४च्या २००६ साली न्यू हेवनचा कारखाना बंद होईपर्यंत सत्तर लाखांहून अधिक रायफली निघाल्या, हे लक्षात घेतले म्हणजे नोंद उपलब्ध असलेला भाग किती लहान आहे ते कळते. ढोबळमानाने १९०७च्या सुमारास या सविस्तर नोंदींचा धागा तुटतो. मॉडेल १८७३च्या वह्यांत तर मधूनमधून क्रमांकांचे पट्टेच्या पट्टे गायब आहेत.

ज्या नोंदी आहेत त्या एका ओळीच्या. अनुक्रमांक, रायफल, आखूड कार्बाइन की लष्करी मस्केट, काडतुसाचे माप, नळी गोल की अष्टकोनी, चाप साधा की हलका, कोरीवकाम, खास लाकूड, वेगळी माशी असे काही विशेष असल्यास त्याचा उल्लेख, गोदामात जमा झाल्याची तारीख, गोदामातून रवाना झाल्याची तारीख आणि ऑर्डरचा क्रमांक. रायफल दुरुस्तीसाठी कारखान्यात परत आली असल्यास तीही तारीख कधीकधी असते. खरेदीदाराच्या नावाचा रकाना नाही. कंपनीचा माल बहुतांशी मोठमोठ्या घाऊक व्यापाऱ्यांकडे जाई, तेथून किरकोळ दुकानदाराकडे आणि मग गिऱ्हाइकाकडे. कारखान्याला शेवटचे गिऱ्हाईक माहीत असण्याचे कारण नव्हते.

कारकून आणि त्याची लेखणी

या वह्या इतिहासकारांसाठी लिहिलेल्या नव्हत्या, ही गोष्ट संग्राहक हमखास विसरतात. त्या गोदामातील मालाच्या आवकजावकीच्या चोपड्या होत्या. दिवसाला शेकडो नग येत आणि जात. एकट्या १८८२ सालात मॉडेल १८७३च्या पंचवीस हजारांवर रायफली बनल्या. त्या ओळी लिहिणाऱ्या कारकुनाला आपल्या शाईच्या फराट्यावर सव्वाशे वर्षांनी हजारो डॉलरचा व्यवहार ठरणार आहे, याची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्याच्या दृष्टीने ‘अष्टकोनी’ऐवजी ‘गोल’ लिहिले गेले तर फारसे बिघडत नव्हते. मोजदाद बरोबर आली म्हणजे झाले.

त्यामुळे चुका होत, आणि त्यांचे काही ठरावीक प्रकार आहेत. ओळ घसरणे हा त्यांतील सर्वांत त्रासदायक. एका क्रमांकाचे वर्णन नजरचुकीने खालच्या किंवा वरच्या क्रमांकासमोर लिहिले जाते. मग साध्या कार्बाइनच्या मालकाला आपली बंदूक कोरीवकामाची, हलक्या चापाची असल्याचे पत्र येते आणि ज्याच्याकडे खरोखर तशी रायफल आहे त्याला ती साधी असल्याचे कळविले जाते. आकड्यांची अदलाबदल हा दुसरा प्रकार. वरच्या ओळीप्रमाणेच, अशा अर्थाची खूण खाली ओढत नेताना मधली एखादी वेगळी रायफल त्याच ओघात वाहून जाते, हा तिसरा. मॉडेल १८८६ मध्ये ४५-७० आणि ४५-९० अशी दोन मापे होती. घाईच्या हस्ताक्षरात सात आणि नऊ यांतील अंतर किती, हे कोणतीही जुनी वही उघडून पाहावे. याखेरीज वगळण्याची चूक असते. विशेष सजावट लिहायचीच राहून जाते, आणि नोंदीत उल्लेख नसणे म्हणजे ती गोष्ट रायफलीवर नव्हतीच, असा सोयीचा निष्कर्ष पुढचे लोक काढतात.

वहीतील चुकीवर वाचणाऱ्याची चूक चढते ती वेगळीच. पत्र तयार करणाराही माणूसच असतो. फिकी शाई, कोपऱ्यात कोंबलेली संक्षेपचिन्हे आणि प्रत्येक कारकुनाचे निराळे वळण यांतून त्याला वाट काढावी लागते. त्यामुळे एखाद्या जुन्या पत्रात पटण्याजोगे नसलेले काही दिसले, तर अनुभवी संग्राहक तोच क्रमांक नव्याने तपासून घेतात. आणि आणखी एक गोष्ट करतात, जी नवख्याला सुचत नाही: ते शेजारचे क्रमांकही पाहून घेतात. आपल्या रायफलीचे अचूक वर्णन जर एक क्रमांक पुढे किंवा मागे सापडले, तर ओळ घसरल्याचा संशय बळावतो. एकाच ऑर्डरखाली गेलेल्या इतर रायफलींची वर्णनेही अशीच उपयोगी पडतात. दहा अष्टकोनी नळ्यांच्या ऑर्डरमध्ये अकरावी गोल नोंदली असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

क्रमांक मुळात नीट वाचला आहे काय, हेही पाहावे लागते. तो रिसिव्हरच्या, म्हणजे रायफलीच्या मधल्या सांगाड्याच्या, मागील बाजूस दस्त्यात शिरणाऱ्या खालच्या पट्टीवर असतो. शतकभराच्या हाताळणीने तेथील तीन आणि आठ यांच्यातील फरक पुसट होतो. ठसे मारणाऱ्या कामगाराकडूनही चुका झाल्या आहेत. एका आकड्यावर दुसरा ठोकून दुरुस्ती केलेली दिसते. पत्र चुकीचे आले म्हणून हळहळणाऱ्या कित्येकांनी मुळात क्रमांकच चुकीचा कळविलेला असतो.

एक रायफल, अनेक जन्मतारखा

रायफल नेमकी केव्हा तयार झाली, या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कारखान्यात पॉलिशिंग रूम नावाचा विभाग होता. तेथे रिसिव्हर घासून गुळगुळीत करीत आणि त्यावर क्रमांक उमटवीत. या विभागाच्या नोंदी वेगळ्या होत्या. क्रमांक उमटलेले रिसिव्हर पेट्यांत पडून राहत आणि मागणीप्रमाणे हाताला येईल तो उचलून त्यावर रायफल जोडली जाई. तेव्हा क्रमांकाच्या क्रमाने रायफली तयार झाल्या, असे मुळीच नाही. एखादा रिसिव्हर काही आठवड्यांत गोदामात पोहोचे, तर त्याच्या शेजारचा काही महिने, प्रसंगी काही वर्षे मागे राही. पुढे गोदामात आल्यानंतर रवाना होईपर्यंतचा काळ निराळा. क्रमांकाची तारीख, जमा होण्याची तारीख आणि रवानगीची तारीख अशा तीन तारखांपैकी कोणती ‘खरी’, हे प्रश्न कोण आणि कशासाठी विचारतो यावर अवलंबून आहे.

जॉर्ज मॅडिस यांचे ‘द विंचेस्टर बुक’ १९६१ साली प्रसिद्ध झाले. विंचेस्टरच्या अभ्यासातील ते आधारग्रंथच. त्यातील ‘कोणत्या वर्षी कोणता क्रमांक’ हे तक्ते पुढे असंख्य पुस्तकांत आणि दुकानदारांच्या याद्यांत उतरविले गेले. पॉलिशिंग रूमच्या नोंदी अभ्यासकांच्या वापरात आल्यावर मात्र काही नमुन्यांच्या बाबतीत हे तक्ते आणि मूळ नोंदी यांत तफावत असल्याचे आढळले. तोपर्यंत एकाच तक्त्याची इतकी पुनर्मुद्रणे झाली होती की ‘सर्व पुस्तके हेच सांगतात’ असा युक्तिवाद कोणालाही करता यावा. बखरी आणि अस्सल कागद यांचा वाद जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. दहा बखरी एकाच बखरीवरून उतरविल्या असतील, तर त्या दहा साक्षी ठरत नाहीत.

हा केवळ हौशी मंडळींचा काथ्याकूट नव्हे. अमेरिकेच्या १९६८च्या गन कंट्रोल अॅक्टनुसार १८९८ साली किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र ‘अँटिक’ मानले जाते आणि केंद्रीय कायद्याच्या बहुतेक बंधनांतून सुटते. राज्यांचे कायदे वेगळे. मॉडेल १८९२, १८९४ आणि १८९५ या लोकप्रिय नमुन्यांचे उत्पादन नेमके या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना सुरू होते. १८९८च्या अखेरीस क्रमांक उमटलेला आणि दोन वर्षांनी रवाना झालेला नग घेतला, तर रिसिव्हरच्या तारखेने तो अँटिक ठरतो आणि रवानगीच्या तारखेने ठरत नाही. कायदा ‘बनण्या’चे वर्ष विचारतो, म्हणून येथे पॉलिशिंग रूमच्या नोंदीला वजन येते. विक्री परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत करावी लागेल की टपालाने पाठविता येईल, हे एका ओळीवर ठरते.

भारतात असा वर्षाचा सोयीस्कर दंडक नाही, हे येथील वाचकांनी ध्यानात ठेवलेले बरे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे; पण ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरण्याजोगे नसावे, अशी अट त्याला जोडलेली आहे. वाड्यातल्या माळ्यावर सापडलेली पणजोबांची बंदूक केवळ जुनी आहे म्हणून परवान्यातून सुटत नाही.

पत्रावरून बनविलेली रायफल

दफ्तरावर फार विसंबण्याचा सर्वांत मोठा धोका चुकांचा नाही. नोंद बरोबर असते आणि रायफल खोटी असते, ही स्थिती अधिक घातक. पत्रात हलका चाप, अर्धी मॅगझिन आणि कोरीव रिसिव्हर यांचा उल्लेख आला, की ज्या मालकाच्या रायफलीवर यांतले काहीच उरलेले नाही, तो सुटे भाग गोळा करून रायफल पत्राबरहुकूम ‘पूर्ववत’ करू शकतो. त्याहून पुढची पायरी म्हणजे एखाद्या दुर्मीळ नोंदीचा क्रमांक हाती लागल्यावर तो साध्या रायफलीवर उमटविणे. मग पत्र आणि बंदूक यांचे छत्तीस गुण जुळतात आणि तेच संशयाचे कारण असायला हवे.

‘वन ऑफ वन थाउजंड’ या रायफलींची कथा या संदर्भात बोलकी आहे. कंपनीने १८७५च्या सुमारास जाहीर केले की, नेमबाजीच्या चाचणीत ज्या नळ्यांचा नेम विशेष अचूक ठरेल त्यांवर खास रायफली बनवून हे शब्द कोरण्यात येतील आणि त्यांची किंमत १०० डॉलर असेल. त्या काळी हा मोठा आकडा होता. मॉडेल १८७३ची साधी रायफल सुरुवातीला ५० डॉलरला मिळे आणि १८८२ पर्यंत हा भाव २५ डॉलरवर उतरला. साहजिकच ही योजना फार चालली नाही. मॉडेल १८७३ मध्ये सुमारे १३५ आणि मॉडेल १८७६ मध्ये पन्नासच्या आसपास अशा रायफली निघाल्या. पुढे त्या विस्मरणात गेल्या. १९५० साली जेम्स स्ट्युअर्टचा ‘विंचेस्टर ७३’ हा चित्रपट आला, ज्याचे कथानकच अशा एका रायफलीभोवती फिरते. प्रसिद्धीसाठी युनिव्हर्सल कंपनीने अशा शिल्लक रायफली शोधण्याची मोहीम काढली आणि घरोघरच्या भिंतींवरून, माळ्यांवरून त्या पुढे येऊ लागल्या.

भाव वाढला तसे नकली कोरीवकामही वाढले. पण येथे दफ्तराने चोख काम केले. कोणत्या क्रमांकासमोर हा उल्लेख आहे ते वहीत पाहता येते. नळीवर अक्षरे आहेत आणि वहीत उल्लेख नाही, अशी रायफल खरी ठरविणे जवळपास अशक्य होते. जवळपास म्हणण्याचे कारण वर आलेलेच आहे: वगळण्याची चूक. प्रत्येक नकली रायफलीचा मालक याच चुकीकडे बोट दाखवितो, आणि कारकून चुकत असत हे तर सर्वांनाच मान्य आहे. अशा वेळी सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाकण्याचा संग्राहकांचा शिरस्ता योग्यच म्हटला पाहिजे.

कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिस दलाने वापरलेल्या मॉडेल १८७६ कार्बाइनींचे तर विचारूच नये. दस्त्यावरील चार अक्षरांच्या ठशाने किंमत कित्येक पट होते आणि लाकडावर ठसा मारणे अवघड नाही. तेथे विंचेस्टरची नोंद आणि पोलिस दलाचे कागद अशा दोन स्वतंत्र दफ्तरांचा मेळ घालावा लागतो.

लोखंडाची साक्ष

म्हणून जाणकार आधी रायफल वाचतात आणि मग पत्र. प्रत्येक नमुन्यात काळानुसार बदल होत गेले आणि ते माहीत असले की लोखंडच तारीख सांगू लागते. मॉडेल १८७३ सुरुवातीला फक्त ४४-४० या मापात मिळे. ३२-२० हे माप १८८२ मध्ये आले. १८७६ सालच्या क्रमांकाच्या रायफलीची नळी ३२-२०ची असेल, तर ती नळी मूळची नव्हे, मग पत्रात काहीही असो. धूरविरहित दारूसाठीच्या निकेल-पोलादी नळ्या १८९० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या. विंचेस्टरचा ‘डब्ल्यू’ आणि ‘पी’ या अक्षरांचा अंडाकृती चाचणी-शिक्का १९०५ पासून सुरू झाला. १८८८ साली रवाना झालेल्या रायफलीच्या नळीवर तो शिक्का दिसला, तर नळी नंतर बदललेली आहे एवढे निश्चित.

पुढचा प्रश्न नाजूक असतो. नळी कारखान्याने बदलली की एखाद्या गावठी कारागिराने? रायफल कारखान्यात परत गेल्याची तारीख वहीत असेल तर खुलासा होतो, पण काय दुरुस्त केले याचा तपशील क्वचितच मिळतो. आणि हे काम १९१५ साली झाले असेल, तर वही तोपर्यंत बंद झालेली आहे. कारखान्यातच, अस्सल भागांनी, अस्सल कारागिरांनी केलेला बदल कागदोपत्री कायमचा अनाथ राहतो. अशा रायफलींना बाजारात मिळणारी सापत्न वागणूक काहीशी अन्यायाची आहे. पण बाजार पुरावा मागतो.

धातूची झिलई, स्क्रूच्या खाचा, लाकूड आणि पोलाद यांच्या सांध्यातील फट, नळीवरील अक्षरे आणि रिसिव्हरवरील अक्षरे यांची झीज सारखी आहे काय, या गोष्टी भिंगाखाली पाहिल्या जातात. रिसिव्हर झिजून गुळगुळीत आणि त्यावरचे कोरीवकाम मात्र धारदार, असे दिसले की पुढे फार बोलावे लागत नाही.

कोणाची होती?

या सर्वांतून फार तर रायफल कशी होती आणि केव्हा निघाली ते ठरते. ती कोणाच्या हातात होती, हा लोकांच्या खऱ्या कुतूहलाचा प्रश्न वेगळ्याच पुराव्यावर सोडवावा लागतो. कोल्ट कंपनीची दफ्तरे येथे अधिक उदार आहेत, कारण त्यांत माल कोणाला पाठविला त्याचे नाव असते. बहुधा व्यापाऱ्याचे, पण कधीकधी प्रत्यक्ष गिऱ्हाइकाचे. पश्चिम सरहद्दीवरील प्रसिद्ध पोलिस अधिकारी बॅट मास्टरसन याने जुलै १८८५ मध्ये डॉज सिटीहून कोल्टला पत्र लिहून पिस्तुलाची माशी किती उंच आणि जाड हवी तेसुद्धा कळविले होते. असा पुरावा म्हणजे दुग्धशर्करा योग. पण १८६४च्या फेब्रुवारीत कोल्टच्या हार्टफर्ड येथील कारखान्याला भीषण आग लागली आणि आधीच्या काळाचे बरेच दफ्तर तीत गेले.

इंग्लंडमधील बंदूककर्त्यांच्या वह्यांत हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांची आणि साहेबांची नावे येतात. तरी कधीकधी वहीपेक्षा बंदुकीवरची पट्टीच अधिक सांगते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जे. पी. ह्युएट यांनी जिम कॉर्बेट यांना रिग्बी कंपनीची .२७५ मापाची रायफल भेट दिली. तसा मजकूर असलेली चांदीची पट्टी तिच्या दस्त्यावर आहे. पुढे ती कॉर्बेट यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली (‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे त्यांचे गाजलेले पुस्तक १९४४ साली याच संस्थेने मुंबईहून काढले होते) आणि गेल्या दशकात पुन्हा रिग्बीकडे आली. कॉर्बेट यांच्या लेखनातील उल्लेख, पट्टी आणि मालकीची न तुटलेली साखळी, असे तिन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवीत असल्याने येथे वादाला जागा नाही. एरवी नुसती पट्टी कोणताही सोनार बनवून देईल.

अमेरिकी लष्कराच्या स्प्रिंगफील्ड रायफलींचे दुखणे आणखी निराळे. कोणत्या शिपायाला कोणता क्रमांक दिला, याच्या सलग नोंदी फारशा राहिलेल्या नाहीत. क्रमांक कागदावर येई तो काही बिनसले तरच: शिपाई पळून गेला, रायफल चोरीस गेली, मोडली किंवा चौकशी बसली तर. राष्ट्रीय अभिलेखागारातील अशा कागदांतून अभ्यासकांनी क्रमांक वेचून याद्या केल्या. त्यामुळे गैरशिस्त शिपायांची हत्यारे इतिहासाला ठाऊक आहेत आणि नेकीने नोकरी केलेल्यांची नाहीत. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर आणि त्याच्याबरोबरची तुकडी मारली गेली. ‘या लढाईतील’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कार्बाइनींची संख्या तेव्हापासून वाढतच आहे. १९८३ साली त्या रणभूमीवरील गवताला आग लागून जमीन उघडी पडली आणि त्यानंतर तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. सापडलेल्या काडतुसांच्या टोप्यांवर घोड्याच्या सुईची खूण असते आणि ती प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. हयात असलेल्या काही बंदुकांशी या खुणा ताडून पाहता काही जुळल्या. कागद नसलेल्या ठिकाणी मातीने पुरावा दिला.

बंदुकीच्या रचनेने इतिहासातील चूक दुरुस्त केल्याचेही एक गमतीदार उदाहरण आहे. बिली द किड या कुप्रसिद्ध गुन्हेगाराच्या एकमेव सर्वमान्य छायाचित्रात त्याचे पिस्तूल डाव्या बाजूला दिसते. त्यावरून तो डावखुरा ठरला आणि १९५८ साली ‘द लेफ्ट हँडेड गन’ नावाचा चित्रपटही निघाला. त्याच छायाचित्रात त्याच्याजवळ मॉडेल १८७३ची कार्बाइन आहे आणि तिची काडतुसे भरण्याची खिडकी डावीकडे दिसते. विंचेस्टरने ती खिडकी उजवीकडेच ठेवलेली होती. पत्र्यावर घेतलेले ते छायाचित्र उलटे, आरशातल्यासारखे उमटलेले होते.

ग्रेट बेसिनमधील रायफल कोडीला नेण्यात आली तेव्हा तिच्यात काडतूस अडकले आहे काय हे पाहण्यासाठी गावातील रुग्णालयात तिचे क्ष-किरण छायाचित्र काढण्यात आले. रुग्णाच्या नावाच्या जागी ‘रायफल’ असे लिहिले होते. नळी रिकामी होती. मात्र दस्त्याच्या पोकळीत, जेथे एरवी सफाईची गजकांडी ठेवतात, तेथे एक न उडविलेले काडतूस निघाले. ते युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीचे, १८८७ ते १९११ या काळातील असल्याचे ठरले. वहीने सांगितलेले १८८२ आणि काडतुसाने सांगितलेले १८८७ यांवरून एवढे म्हणता येते की, रवाना झाल्यावर निदान पाच वर्षे ती कोणाच्या तरी वापरात होती. झाडाला ती त्यानंतर केव्हातरी टेकविली गेली. शिकारी, खाणकामगार, गुराखी असे अनेक तर्क झाले. जुन्या वृत्तपत्रांतून आणि कौटुंबिक कागदांतून शोध घेण्यात आला, पण नाव हाती लागले नाही. संग्रहालयाने लाकूड आणखी फुटू नये एवढीच डागडुजी केली. गंज आणि करडेपणा तसाच ठेवून रायफल उद्यानाकडे परत पाठविण्यात आली.